पट्टूची पालखी

आमच्या मांजरीच्या गोष्टीचा अर्धा भाग तंजावरात राजवाड्यामागच्या गल्ल्यांना पाठ आहे. लग्नात, बारशात, कुठेही चार आप्त जमले की कोणी ना कोणी तो सांगतंच, आणि सांगून झाला की सगळे माझ्याकडे बघतात — खरं ना? मी मान हलवते. उरलेला अर्धा भाग फक्त माझ्यापाशी आहे. तो अक्काला सांगितला नाही, गल्लीत कोणाला नाही, देवालाही नाही — त्याला माहीत असेल, पण मी होऊन सांगितलेला नाही. आज तुम्हाला सांगायला बसले आहे. तुम्हालाच का, ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तुम्ही मला भित्री म्हणाल, आणि बाकीचं ऐकून म्हणालात तर ते जास्त नेमकं होईल.

लोकांना माहीत असलेला भाग छोटा आहे. माझ्या आईची, अम्माची, एक मांजर होती. पांढरी, पाठीवर तांबूस डाग. नाव पट्टू, तमिळमध्ये पट्टू म्हणजे रेशीम. अम्मा गेली, तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पट्टू घरातून नाहीशी झाली. म्हातारीच्या मागोमाग गेली, असं लोक म्हणतात. मुकं जनावर, पण माया बघा! माझी थोरली बहीण, अक्का, चेन्नईला असते. ती हे सांगताना दर वेळी रडते आणि दर वेळी तिला थोडं बरंही वाटतं. एवढीच गोष्ट. सुंदर आहे, नाही?

तुम्ही कधी मांजर पाळली आहे का? असेल, तर तुम्हाला ठाऊक असेल की मांजराला दवाखान्यात नेणं आणि त्यासाठी आधी त्याला पेटीत घालणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं कोणीही करतं. दुसऱ्यासाठी मला सुट्टी घ्यावी लागायची.

पट्टूच्या हिरड्यांना आजार होता. बरा न होणारा, पण सांभाळता येणारा. महिन्या-दीड महिन्यानं एक इंजेक्शन, दात तपासणं, कधी औषध. ते लांबलं की तिला काही चावता येत नसे, दहीभातसुद्धा बोटांनी मऊ कुस्करून द्यावा लागे. हे लक्षात ठेवा. मला तर ते विसरता येत नाही.

सुरुवातीला आमच्याकडे कूडै होती, इथल्या बायका बाजारात नेतात ती प्लास्टिकच्या पट्ट्यांची विणलेली टोपली. तिच्यावर फडकं बांधून मी पट्टूला स्कूटरवर घेतलं. पहिल्याच वळणावर पट्टू फडक्यातून बाहेर, आणि मी तिला शोधत गल्लीगल्ली फिरून घरी आले तर ही बाई अम्माच्या मांडीवर. मग अक्कानं चेन्नईहून निळी पेटी पाठवली, पुढे जाळीचं दार, मागे हवेसाठी फटी, वर मूठ. अम्मानं ती बघितली आणि तिथल्या तिथे नाव ठेवलं — पालखी. ‘राजवाड्याशेजारीं राहतों मणून काय, मांजरीस पालखी,’ असं म्हणून स्वतःच कितीतरी वेळ हसत बसली.

पण पालखी आली म्हणून राणीसाहेब बसणार थोड्याच? माळ्यावरून पेटी काढायचा आवाज झाला की पट्टू अम्माच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाखाली. मी जमिनीवर पालथी, हातात केरसुणी, केसांत जळमटं. एका बाजूनं मी ढोसायची, दुसऱ्या बाजूला पेटीचं दार उघडं, आणि पट्टू बरोबर मधोमध, जिथे दोन्हीकडून हात पोचत नाही अशा जागी शांत बसलेली. दवाखान्यातल्या डॉक्टरम्मांनी सांगितलं, पेटी वर ठेवूच नका, घरात उघडी पडू द्या, तिची भीती जाईल. ठेवली. आत अम्माचं जुनं सुती लुगडं अंथरलं. पट्टू दुपारची झोप तिथेच काढू लागली आणि मी मनातल्या मनात जिंकले. मग दवाखान्याचा दिवस आला. मी नुसतं मनगटावर घड्याळ बांधलं, तर ही कपाटाखाली! सुट्टीच्या दिवशी घड्याळ बांधणारी बाई विश्वासाची नव्हे, एवढं तिला कळत होतं. टॉवेलात गुंडाळून पाहिलं. पेटी उभी करून, दार वरच्या बाजूला घेऊन, आधी मागचे पाय आत सोडून पाहिले — हा उपाय चांगला आहे, तुम्हीही करा, फक्त त्यासाठी मांजर आधी हातात यावी लागते. माझ्या हातांवर इतके ओरखडे असायचे की कचेरीत कोणी विचारलं तर मी सांगायची, भाजी चिरताना. कोणती भाजी, असं एकानं विचारलंच.

आणि अम्मा? अम्मा हे सगळं खुर्चीत बसून बघायची. माझा पुरता घाम निघू द्यायची. मग उठून कपाटापाशी जायची, वाकायचीसुद्धा नाही, आणि साध्या आवाजात बोलायची. ‘पट्टू, ये गे. डॉक्टरम्माकडं जायचं आहे. सुई टोचतील, थोडं दुखेल. भिऊं नको. पालखींत बैस. जाऊन येऊं.’

या शेवटच्या दोन शब्दांत सगळं होतं. आपल्यात घरातून निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तमिळमध्येही तसंच — जाऊन येतो. अम्मा या बाबतीत फार कडक. शाळेत जाताना आम्ही बहिणी चुकून ‘जातें’ म्हणालो तर ती पायरीवरून परत बोलवायची आणि नीट म्हणवून घ्यायची. जे मुलींना, तेच मांजरीला. त्या शब्दांवर पट्टू कपाटाखालून निघायची — मिशांना जळमटं, शेपटी खाली, नाइलाजानं, पण यायची. स्वतःच्या पायांनी पालखीत बसायची. दवाखान्यात गाई-शेळ्यांच्या रांगेत माझ्या मांडीवर पेटीत बसून रागानं फुरफुरायची. आणि परत आल्यावर अम्मा जाळीचं दार उघडून म्हणायची, ‘पाह्यलीस? आलों कीं नाहीं?’ गेलो आणि आलो नाही, असं एकदाही झालं नाही.

एकदा मी वैतागून म्हटलं, ‘अम्मा, दुखेल तें तिला कशाला सांगतेस? दुधाची वाटी दाखव, येईल.’ अम्माला ते मुळीच आवडलं नाही.

‘मुक्या जीवास फसवूं नये गे,’ ती म्हणाली. ‘त्यास कोणाकडं जाऊन सांगतां येत नाहीं.’

हे वाक्य मला तेव्हा जरा जास्तच वाटलं होतं. मांजरच तर आहे.

पण पट्टू नुसती मांजर नव्हती, हेही सांगायला हवं. आमच्या घरात आम्ही दोघीच. मी लग्न केलं नाही. पुण्यात नोकरी करत होते, अप्पा गेल्यावर ती सोडून अम्मासोबत राहायला आले आणि इथेच कामाला लागले. अक्काच्या मुलांना आमचं मराठी कळतं, पण उत्तर ती तमिळमध्ये देतात. नातवंडांना कळतही नाही. शेजारी तमिळ, दूधवाला तमिळ, टीव्ही तमिळ. अम्माशी मराठी बोलणारी मी एकटी, आणि मी दिवसभर कचेरीत. मग अम्मा कोणाशी बोलणार? ती दिवसभर पट्टूशी बोलायची. भात कुस्करताना, वाती वळताना, फुलं ओवताना. मांजर अशी झाली होती की दूधवाल्यानं तमिळमध्ये ‘वा, वा’, म्हणजे ‘ये, ये’, म्हणून कितीही बोलावलं तरी तिचा कान हलत नसे. ‘ये’ म्हटलं की उठायची. आमच्या घरात मराठी कळणारी ती तिसरी आणि शेवटची.

मग मी बोलावलं की ती का येत नसे? याचा मला छडा लागला नाही. फोनवर लोक माझ्या आणि अम्माच्या आवाजात हमखास चुकायचे. सख्खी अक्कासुद्धा ‘अम्मा?’ म्हणून सुरू व्हायची आणि मी तिला खुशाल चार वाक्यं बोलू द्यायची. मी कपाटापाशी उभी राहून अम्माचेच शब्द, अम्माच्याच सुरात म्हणून पाहिले. पट्टू अंधारातून माझ्याकडे बघत राहायची.

एकदा अम्मा अक्काकडे चेन्नईला गेली होती आणि नेमकं इंजेक्शन आलं. मी घड्याळ बांधलं, पट्टू कपाटाखाली. मी फोन केला, अम्मा हसली, आणि तिनं अक्काच्या मुलाकडून शिकून घेऊन मला व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवला. तेच सगळे शब्द. पट्टू, ये गे. थोडं दुखेल. भिऊं नको. पालखींत बैस. जाऊन येऊं. आणि त्यापुढे अम्मा गप्प होते. पट्टू निघायला वेळ लावते हे तिला माहीत, म्हणून ती थांबून राहते. तिचा श्वास ऐकू येतो, मागे अक्काच्या घरातला पंखा. बराच वेळ. मग आवाज संपतो. मी फोन पेटीच्या मागच्या फटींपाशी ठेवला होता. पट्टू आली, पेटीत बसली, आम्ही गेलो, परत आलो. मी अम्माला कळवलं — आलों गे.

हे मी का लांबवते आहे, तुमच्या ध्यानात आलं असेल.

पुढच्या उन्हाळ्यात अम्माला धाप लागू लागली. एका सकाळी ती इतकी वाढली की मी रिक्षा बोलावली. पायरीवर उभी राहून, एक हात माझ्या खांद्यावर टाकून, अम्मा मागे वळली आणि दारात बसलेल्या पट्टूला म्हणाली, ‘जाऊन येतें.’ मी ऐकलं. पट्टूनंही ऐकलं. अम्माचा देह घरी आणला तेव्हा लोकांच्या पायांत येऊ नये म्हणून पट्टूला कोणीतरी मागच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. तिनं काहीच बघितलं नाही. तिच्या दृष्टीनं अम्मा अजून यायची होती.

तेराव्यानंतर अक्का गेली. घरात मी आणि पट्टू. मी कामावर जाऊ लागले. संध्याकाळी स्कूटर थांबली, फाटकाची कडी वाजली की पट्टू धावत पायरीपर्यंत यायची, शेपटी उभी. मला बघायची. माझ्या मागे बघायची. मग शेपटी खाली करून आत जायची. रोज. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण रोज संध्याकाळी, फाटकातच, मी अम्मा नाही हे मला कोणीतरी नव्यानं सांगत होतं. आणि आत जाऊन ती कपाटापाशी बसायची आणि ओरडायची. लांब, ओढून काढलेला आवाज. दिवा लावायच्या वेळेपासून जेवणापर्यंत. मी तिला गप्प बस म्हणायची — तमिळमध्ये. मराठी शब्द कानावर पडला की ती उठून उभी राहायची, म्हणून मी घरात मराठी बोलणंच सोडलं.

मला तिचा राग येऊ लागला. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, मला मांजरीचा हेवा वाटत होता. तिला ओरडता येत होतं. मला तेराव्यापर्यंत, तेराव्यानंतर, एकदाही रडू आलं नव्हतं. लोक म्हणायचे, धीराची आहे. कसली धीराची? मलाही त्या कपाटापाशी बसून तसंच ओरडायचं होतं, आणि माझी जागा तिनं आधीच घेतली होती.

एका रविवारी मी घड्याळ बांधलं.

इंजेक्शनची वेळ उलटून गेली होती. मी तिला दवाखान्यातच न्यायला निघाले होते — की हे मी नंतर जुळवलंय? खरंच सांगता येत नाही. पट्टू कपाटाखाली गेली. मी केरसुणी घेतली नाही, पालथी पडले नाही. फोन काढला, पेटीच्या मागे ठेवला, आणि अम्माचा आवाज लावला.

पट्टू आली. पण या वेळी शेपटी खाली नव्हती. नाइलाजानं नव्हे, धावत आली. सरळ पेटीत शिरून मागच्या फटींना नाक लावलं, आणि पंजानं फट उकरू लागली, पलीकडे अम्मा आहे म्हणून. मी दार लावलं. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

दवाखान्याचं वळण आलं. मी वळले नाही.

कुंभकोणमच्या रस्त्यानं दोन्हीकडे भाताची शेतं, मध्ये स्कूटर, पायांशी निळी पेटी. मी पापनाशमपर्यंत गेले. पापाचा नाश करणारं गाव. हसू नका, तेव्हा मला ते सुचलंही नाही. मला एवढंच ठाऊक होतं की तिथे भाताच्या गिरण्या आहेत. गिरणीत उंदीर असतात, मांजर उपाशी राहणार नाही. हिरड्या आठवल्या नाहीत का? आठवल्या. आठवून मी स्कूटर पुढे नेली. गावाबाहेर रविवारमुळे बंद असलेल्या एका गिरणीच्या भिंतीला सावली होती, शेजारी तुसाचा ढीग. तिथे मी पेटी खाली ठेवली आणि जाळीचं दार उघडलं.

पट्टू बाहेर येईना.

जिला आत घालायला मी इतकी वर्षं जमिनीवर लोळले, ती आता बाहेर यायला तयार नव्हती. तिला घाई नव्हती, भीतीही नव्हती. जाऊन येऊं म्हटलं होतं, मग येईपर्यंत बसून राहायचं, एवढंच तिला माहीत. मी पेटी तिरपी केली. तिनं अम्माच्या लुगड्यात नखं रोवली. मी पेटी हलवली. ती माझ्याकडे बघत राहिली, कपाटाखालून बघायची तशी.

मग मी — हे लिहायला मला बराच वेळ लागला आहे — मी फोन काढला. तुसाच्या ढिगापाशी, चार पावलांवर, जमिनीवर ठेवला. आणि अम्माचा आवाज पुन्हा लावला.

पट्टू बाहेर आली. फोनपर्यंत गेली. ‘जाऊन येऊं’ झालं, अम्मा गप्प झाली, आणि पट्टू त्या फोनसमोर बसली. अम्मा वाट बघत होती आणि पट्टू येऊन बसली होती. मी आधी पेटी उचलली. मग तिच्या समोरून फोन उचलला. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. मी काहीच म्हटलं नाही. ‘येतें’ म्हणायचं तोंड नव्हतं, आणि ‘जातें’ आमच्यात म्हणत नाहीत.

हे मी केलं. रागात केलं असं म्हणू शकले असते, पण स्कूटरवर तेवढ्या वाटेत राग कितीदा तरी निवतो. दुःखात केलं म्हणावं, तर दुःख तिलाही होतं, तिनं कोणाला कुठे नेऊन सोडलं नाही.

संध्याकाळी मी घरी आले. फाटकाची कडी वाजली आणि कोणी धावत आलं नाही. हेच मला हवं होतं ना? मी पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं, अम्मा गेल्यावर पहिल्यांदा. शेजारीण आली, काय झालं विचारायला लागली. मी म्हटलं, पट्टू दिसत नाही. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. आत्ता आठवतं, पेटी माझ्या शेजारीच होती, दार उघडं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर न जाता पुन्हा पापनाशमला गेले. गिरणी चालू होती, धूळ, लॉऱ्या, हमाल. मी भिंतीपाशी पेटी उघडी ठेवून अम्माचा आवाज लावला. एकदा, दोनदा, किती वेळा कोण जाणे. एका हमालानं तमिळमध्ये विचारलं, काय हरवलं? म्हटलं, मांजर. तो म्हणाला, मांजर काय, येईल फिरून. गिरणीच्या आवाजात पट्टूला ऐकू गेलं नसेल, असं मी धरून चालते. ऐकू जाऊन ती आली नसेल, तर तिचंही बरोबरच आहे.

अक्काला मी फोनवर तेवढंच सांगितलं जेवढं शेजारणीला. पट्टू दिसत नाही. बाकीचं अक्कानंच पुरं केलं. ती म्हणाली, ‘अम्माच्या मागं गेली गे ती. पावम.’ पावम म्हणजे बिचारी. मी ‘हो’ म्हटलं. एका शब्दाची गोष्ट होती, आणि ती गोष्ट पुढे राजवाड्यामागच्या गल्ल्यांत फिरली, लग्नांच्या पंगतींत बसली, कोणाच्या कोणाच्या डोळ्यांत पाणी आणून आली.

महिन्याच्या श्राद्धाला अक्का आली. संध्याकाळी ती गुडघे दुखत असताना गल्लीगल्लीतून पट्टूला हाका मारत फिरली. मी बरोबर होते. मीही हाका मारत होते. तिच्यापेक्षा मोठ्यानं. घरी येऊन अक्कानं दहीभात अगदी मऊ कुस्करला आणि ताटलीत घालून पायरीवर ठेवला. सकाळी ताटली चाटूनपुसून साफ. कावळ्यांनी खाल्लं असेल, नाहीतर गल्लीतल्या कुत्र्यानं. अक्का म्हणाली, ‘येऊन गेली गे.’ तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी तिच्याकडे बघू शकले नाही. अजूनही ती तंजावरला आली की ताटली ठेवते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण त्याच मुक्कामात अक्कानं विचारलं, ‘अम्माचा आवाज कोठें तरी असेल कां गे? तुझ्या फोनांत?’ फोटो शेकड्यांनी आहेत, आवाज कोणीच धरून ठेवला नव्हता. मी म्हटलं, नाही. तिच्याच घरी, तिच्याच पंख्याखाली अम्मानं तो आवाज पाठवला होता. तेव्हा अक्का बाजारात गेली होती आणि तिच्या मुलाला ते आठवतही नाही. त्या आवाजात मला पकडून देईल असं काही नव्हतं. तो दिला असता तर अक्कानं तो सगळ्यांना मोठ्यानं ऐकवला असता, आणि मला सगळ्यांसमोर बसून तो ऐकावा लागला असता. एवढ्यासाठी मी तिच्या आईचा आवाज तिच्यापासून लपवला. फोन बदलला तेव्हा सगळ्यात आधी तोच नव्यात घेतला. दुपारी, दार लावून, मी तो ऐकते. शब्द संपतात, अम्मा थांबते, पंखा फिरत राहतो, आणि त्या वेळात मी कपाटाखाली बघते. दर वेळी बघते. मला माझी आई हवी आहे आणि तिची मांजर हवी आहे, आणि त्या दोघींना एकत्र आणणारी एकच वस्तू मी त्या गिरणीपाशी वापरून टाकली.

तुम्हालाच का सांगितलं, ते राहिलं. आमचं मराठी तोंडातलं आहे. कागदावर आम्ही तमिळ किंवा इंग्रजी. ही लिपी मी पुण्याच्या नोकरीत दुकानांच्या पाट्या आणि वर्तमानपत्रं वाचून पक्की केली, आणि माझं लिहायचं मराठीही तिथलंच, घासूनपुसून घेतलेलं. अक्काला ही अक्षरं वाचता येत नाहीत. तिच्या मुलांना नाही. ज्या गल्ल्यांना ती गोष्ट पाठ आहे, तिथे कोणालाच बहुधा नाही. म्हणून मी हे असं लिहिलं आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते, तसं. आता खुशाल म्हणा, भित्री.

मागच्या आठवड्यात अक्काचा फोन आला होता. म्हणाली, स्वप्नात अम्मा आली, पण बोलली नाही. ‘मला अम्माचा आवाज आठवेनासा जाहला आहे गे,’ असं ती अगदी साधेपणानं म्हणाली, चष्मा सापडत नाही म्हणावं तसं. त्या दुपारी मी तिला तो आवाज पाठवून दिला. जुन्या फोनात सापडला, असं लिहिलं. खरं अजूनही सांगितलेलं नाही.

संध्याकाळी तिनं फोन केला. रडून झालं होतं, आवाज बसला होता, आणि मधेच हसत होती — पालखी म्हणते गे, पालखी. किती वेळा ऐकलं म्हणून सांगत होती. मग म्हणाली, ‘शेवटीं अम्मा इतका वेळ गप्प कां आहे गे?’

‘पट्टू यायची वाट पाहते आहे,’ मी म्हटलं.



‘मग? आली ती?’

‘आली,’ मी म्हटलं. ‘धावत आली.’